चांगले तेल, पण कुठल्या गाडीचे?



बैलगाडीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे आठवत असेल. चाक करकरू लागले की गाडीवान खाली उतरे, आखाला वंगण देई आणि पुन्हा बैलांना हाक मारी. चाक बोलत असे आणि गाडीवान ऐकत असे. आजच्या मोटारसायकलीचे तसे नाही. तिच्या पोटातले तेल कमी झाले, काळे पडले किंवा भलतेच घातले, तरी काही दिवस ती मुकाट्याने धावते. आणि बोलते तेव्हा खिसा रिकामा करूनच बोलते.

हे आज सुचायला कारण आमच्याच घरात घडले. थोरल्या बंधूंचे घर मुरबाड तालुक्यात. भातशेती, थोडी भेंडी, दारात दोन म्हशी. पुतण्याला डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. एस. टी. आणि रेल्वे गाठून कामाची पाळी सांभाळणे जमेना, म्हणून दसऱ्याच्या मुहूर्तावर कल्याणहून शंभर सी. सी.ची नवी मोटारसायकल आणली, अर्थात हप्त्याने. वहिनींनी चाकाखाली लिंबू ठेवले, हार घातला, आळीत पेढे वाटले.

मुरबाडहून कल्याण तीस किलोमीटरच्या आसपास, तेथून पुढे डोंबिवली. जाऊन-येऊन रोजचे ऐंशी किलोमीटर धरा. सहा दिवसांत ४८० किलोमीटर झाले. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पहिली सर्व्हिसिंग ५०० ते ७५० किलोमीटरच्या दरम्यान करा, असे लिहिलेले होते. म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात गाडी दाखवायला हवी होती. पण तेव्हा भातकापणी ऐन भरात. पोरगा पाळीवरून येई तो थेट खळ्यावर जाई. ठाण्याला टुरिस्ट गाडी चालवणाऱ्या मामेभावाने त्याला सांगितले, "तेल बदलायचे ना? माझ्याकडे लिटरभर शिल्लक आहे. भारीतले आहे, तुझ्या तेलाच्या दुप्पट भावाचे." पोराने घरच्या घरी जुने तेल काढले आणि ते 'भारीतले' घातले.

गाडी दोन-तीन आठवडे ठीक चालली. मग एका रविवारी मागे तांदळाची गोणी बांधून तो माळशेजच्या वाटेने बहिणीकडे निघाला. चढ लागला आणि इंजिन नुसते ओरडू लागले. गाडी मात्र पुढे सरकेना. कशीबशी परत आणली. कल्याणच्या मेस्त्रीने तेल खाली काढून बोटावर घेतले आणि विचारले,

"तेल कुठले घातले होते?"

"चांगले घातले होते. गाडीचेच."

"कुठल्या गाडीचे?"

सगळी गोष्ट या एका प्रश्नात आली. क्लचच्या प्लेटा गुळगुळीत होऊन गेल्या होत्या. प्लेटा, नवे तेल, मजुरी आणि वर कामावर तीन दिवसांचा खाडा. पहिली सर्व्हिसिंग चुकलेली, त्यामुळे हमीचा कागद पुढे करून बोलायला तोंड उरले नाही. पैसे वाचवायला गेला नव्हता हो पोरगा. उलट महागाचे तेल घातले. तरीही तेल गेले, तूप गेले आणि हाती धुपाटणे आले!

असे का झाले, ते आधी समजून घेऊ. चारचाकी मोटारीत इंजिनाचे तेल फक्त इंजिनासाठी असते. तिच्या गिअरपेटीचे तेल वेगळे, आणि हाताने गिअर टाकायच्या मोटारीचा क्लच तर कोरडाच असतो. मोटारसायकलीचा संसार लहान. आपल्याकडच्या बहुतेक सर्व गिअरच्या मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही भावंडे एकाच तेलात नांदतात. पिस्टनला घसरण हवी, गिअरच्या दात्यांना टिकाव धरणारा तेलाचा थर हवा, आणि क्लचच्या प्लेटांना मात्र एकमेकींना घट्ट धरायला हवे. बऱ्याच नव्या मोटारींच्या तेलात पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. मोटारीला ती गुणकारी. पण आपल्या क्लचला तीच नडतात. तेल लावलेल्या हातांनी कासरा धरून पहा, म्हणजे प्लेटांची काय गत होते ते कळेल.

यावर उपाय फार सोपा आहे. नव्या गाडीसोबत जी पुस्तिका मिळते, ती पेटीत टाकून न देता तेलाचे पान उघडा. तेथे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. तेलाच्या बाटलीवरही त्याच तीन गोष्टी छापलेल्या असतात. अक्षरे इंग्रजी असली तरी घाबरायचे कारण नाही. शाळेत जाणारे कोणतेही मूल ती जुळवून पाहू शकेल.

पहिली गोष्ट दाटपणाची. ती एस. ए. ई. या अक्षरांपुढे आकड्यांत असते: १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० अशी. थंडीत आपले खोबरेल बाटलीत थिजते आणि उन्हात पातळ होते, हे घरोघरी माहीत आहे. इंजिनाचे तेलही गारव्यात दाट आणि उष्णतेत पातळ होते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड असताना तेल किती वाहते ते सांगतो. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहते ते सांगतो. आता पुष्कळांची समजूत अशी की ३० पेक्षा ५० मोठा, म्हणून ५० चे तेल चांगले. हे गुण नव्हेत, मापे आहेत. आठ नंबरच्या पायाला दहा नंबरची वहाण घातली तर ती मोठी म्हणून चांगली ठरत नाही! पातळ तेलासाठी घडवलेल्या इंजिनात दाट तेल घातले, तर सकाळी गाडी सुरू करताना ते वरच्या भागापर्यंत पोचायला उशीर लावते आणि पेट्रोलही जास्त जाते. दाट तेलाच्या इंजिनात पातळ घातले, तर तापल्यावर तेलाचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो.

दुसरी गोष्ट ए. पी. आय. या अक्षरांपुढची. ती अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेने ठरवलेली प्रत आहे. पेट्रोलवरच्या इंजिनाच्या तेलाला 'एस' पासून सुरू होणारी जोडी असते: एस-एल, एस-एन, एस-पी अशी. पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितकी प्रत नवी. एस-एल २००१ सालची, एस-एन २०१० ची आणि एस-पी २०२० ची. डिझेलच्या इंजिनांसाठी 'सी' पासून सुरू होणारी अक्षरे असतात.

तिसरी गोष्ट जासोची, आणि आमच्या पुतण्याचे घोडे अडले ते इथेच. मोटारसायकलीच्या तेलात क्लच किती धरतो, याची परीक्षा ठरवणारे हे जपानी मानक १९९८ साली आले. त्यात एम-ए, एम-ए-२ आणि एम-बी असे शिक्के आहेत. एम-ए आणि एम-ए-२ म्हणजे क्लच घट्ट धरणारे तेल. गिअरच्या गाड्यांना सहसा हेच सांगितलेले असते. एम-बी म्हणजे कमी घर्षणाचे. ते मुख्यतः बिनगिअरच्या स्कूटरला चालते, कारण तिचा क्लच तेलात बुडालेला नसतो. क्वचित एखादी कंपनी आपल्या गिअरच्या गाडीलाही एम-बी सांगते, कारण तिने क्लच तसा बनवलेला असतो. अशा वेळी शेजाऱ्याचे ऐकू नका, माझेही ऐकू नका. पुस्तिका सांगेल तेच घाला. आणि घरात मुलीची किंवा सुनेची स्कूटर असेल, तर तिचे तेल आणि मोटारसायकलीचे तेल एकच समजू नका.

दुकानात आणखी एक प्रश्न येतो. साधे खनिज तेल घ्यावे, की सिंथेटिक म्हणतात ते? सिंथेटिक तेल उष्णतेला जास्त टिकते, हे खरे. पण कंपनीने साधे तेल सांगितलेल्या शंभर सी. सी.च्या गाडीत दुप्पट पैसे मोजून फार काही पदरात पडत नाही. तेच पैसे वेळेवर तेल बदलण्यात घाला. महागाचे तेल दुप्पट दिवस चालवण्यापेक्षा सांगितलेले तेल वेळच्या वेळी बदलणे कधीही शहाणपणाचे.

आता पहिल्या सर्व्हिसिंगकडे वळू. नव्या इंजिनातले भाग अजून एकमेकांशी रुळलेले नसतात. नव्या सुनेला घर रुळायला जसा काही काळ लागतो, तसाच इंजिनालाही लागतो. त्या काळात धातूचे अगदी बारीक कण झडून तेलात उतरतात. म्हणून पहिले तेल लवकर काढून टाकायचे असते. गाड्यागणिक आकडा बदलतो, पण तो बहुधा ५०० ते १,००० किलोमीटरच्या आत असतो, आणि सोबत दिवसांचीही मुदत दिलेली असते. किलोमीटर आणि दिवस यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे. 'फुकट सर्व्हिसिंग' म्हणजे बहुधा मजुरी फुकट. तेलाचे पैसे द्यावे लागतात. ते वाचवण्यासाठी सर्व्हिसिंग टाळू नका. पावती पुस्तिकेतच जपून ठेवा. उद्या हमीचा प्रश्न आला तर तीच तुमच्या बाजूने साक्ष देते.

किलोमीटरचा काटा सगळेच सांगत नाही, हेही ध्यानात धरा. कल्याणला पत्रीपुलाशी किंवा शीळ रस्त्यावर गाड्यांच्या गर्दीत अर्धा तास अडकलात, तर काटा जागचा हलत नाही. पण वाऱ्यावर थंड होणारे इंजिन वारा नसताना तापत राहते आणि तेलाला कष्ट पडतात. आपल्या गावातून शहराकडे रोज जाणाऱ्या गाडीचा हा नित्याचा प्रसंग आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तेलाची पातळी पहायची सवय ठेवा.

त्याला पाच मिनिटे पुरतात. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करा आणि तेल खाली उतरायला दोन-तीन मिनिटे थांबा. मग तेलाची कांडी काढून स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा आत सोडा आणि बाहेर काढून पहा. कांडी नुसती टेकवायची की पिळायची, ते पुस्तिकेत दिलेले असते. तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. शंभर सी. सी.च्या गाडीत सगळे मिळून तेल मावते जेमतेम पाऊण ते एक लिटर. त्यातले चहाच्या दोन कपांइतके कमी झाले तरी चौथा हिस्सा गेला! कमी असेल तर त्याच जातीचे तेल थोडे थोडे घाला. पण वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नका. जादा तेल फेसाळते, सीलमधून पाझरते, काही वेळा जळून धूर काढते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी. एस. ६ च्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारे यंत्र धुराड्यात बसवलेले असते. जळक्या तेलाने तेही खराब होते.

तेल काळसर दिसले म्हणजे ते लगेच वाया गेले, असे नाही. आतली काजळी ते आपल्या अंगावर घेते, हे त्याचे कामच आहे. मात्र ते दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर आत पाणी शिरले असे समजा. पावसाळ्यात काळू नदीकाठच्या किंवा उल्हास खोऱ्यातल्या गावांत रस्त्यावर पाणी चढते आणि आपण त्यातून गाडी रेटतो. तसे झाले असेल तर कांडी काढून पहा आणि तेल पांढुरके दिसल्यास गाडी सुरू न करता मेस्त्रीला बोलवा.

शेतकऱ्याच्या घरी एक धोका शहरातल्या घरापेक्षा जास्त असतो. आपल्या पडवीत तेलाचे तीन डबे असतात. एक ट्रॅक्टरचे किंवा पॉवर टिलरचे डिझेल इंजिनाचे तेल. दुसरे फवारणीच्या पंपाचे किंवा गवत कापायच्या यंत्राचे, पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी तेल. तिसरे मोटारसायकलीचे फोर-टी. तिन्ही डबे तेलकट, तिन्हींवरची चिठ्ठी पुसलेली. अंधारात हाताला लागेल तो डबा ओतला जातो. ट्रॅक्टरचे तेल डिझेलच्या काजळीसाठी बनवलेले असते. तुमच्या गाडीच्या क्लचची आणि गिअरची परीक्षा त्याने दिलेली असतेच असे नाही. टू-टी तेल तर जळून जाण्यासाठीच केलेले असते. ते इंजिनाच्या पोटात घालणे म्हणजे इंजिनाला उपाशी ठेवणे. उलट, दोन स्ट्रोकच्या फवारणी पंपात टू-टी मिसळायचे विसरलात, तर पंप जागच्या जागी अडकून बसेल.

या बाबतीत आमच्या पिढीची एक जुनी सवयही आड येते. राजदूत, येझदी या दोन स्ट्रोकच्या गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. पंपावर गेलो की तेल किती टाकायचे ते सांगावे लागे. ते तेल पेट्रोलबरोबर जळून जाई. पुढच्या खेपेला नवे मिळे. १९८५ साली हिरो होंडाची सी. डी. १०० आली आणि चार स्ट्रोकच्या गाड्या हळूहळू गावोगाव पसरल्या. त्यांत तेल वेगळे. तेच ते पुन्हा पुन्हा फिरते. पंपावर कुणी विचारत नाही, म्हणून आपणही विसरतो. नव्या गाडीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळू नका आणि तिच्या पोटातले तेल विसरू नका.

तेल विकत घेताना सुटे घेऊ नका. जुनेच तेल गाळून, रंग देऊन नव्या बाटलीत भरणारे लोक आहेत. बाटलीचे सील, छापील किंमत आणि बनवल्याची तारीख पहा, पावती मागा. मेस्त्रीकडे तेल बदलत असाल तर सील आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. रिकामी बाटली खिळ्याने भोसकून मगच टाका, म्हणजे ती पुन्हा भरून कुणाच्या गळ्यात पडणार नाही.

आणि काढलेल्या काळ्या तेलाचे काय? पुष्कळ घरी ते कुंपणाच्या खांबांना फासतात, कुणी गुरांच्या जखमांवरही लावतात. कृपा करून असे करू नका. त्या तेलात धातूचे कण आणि जळकी विषारी द्रव्ये असतात. पुन्हा पुन्हा कातडीला लागणे माणसाला आणि जनावरालाही अपायाचे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते. ओढ्यात तर एक थेंबही जाऊ देऊ नका. आपल्याच ओढ्यांचे पाणी काळू-उल्हासात उतरते, आणि कल्याण-डोंबिवलीची घरे उल्हासचे पाणी पितात. शहापूरच्या भातसा धरणाचे पाणी ठाणे-मुंबईला जाते. डबा घट्ट बंद करून सर्व्हिस सेंटरला परत द्या. तेथून ते शुद्ध करणाऱ्या परवानाधारक कारखान्याकडे जाण्याची सोय असते. घरच्या घरी तेल न बदलण्याचे हेही एक कारण आहे.

आता आमच्या घरची हकिगत पुरी करतो. गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा मी पुतण्याला चार शब्द सुनवायच्या तयारीत होतो. बैल गेला नि झोपा केला, असे बोलणारही होतो. पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्याला बोलून काय होणार? मला ते तेलाचे पान वाचून दाखवा." मी वाचले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे रोजच्या दुधाचा हिशेब लिहितात, तिथेच खाली काट्यावरचे किलोमीटर लिहिले आणि त्यापुढे तेल बदलायचा पुढचा आकडा. पडवीतल्या तिन्ही डब्यांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्या: ट्रॅक्टरला लाल, पंपाला पांढरी, मोटारसायकलीला हिरवी.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी म्हशींचे दूध काढून झाले की त्या अंगणातून हाक मारतात, "अरे, कांडी पाहिलीस का?" पोरगा कुरकुरत उठतो, पण पाहतो. गाडीचे अजून बरेच हप्ते फिटायचे आहेत. ते फिटेपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, ती गाडी त्याला पाळीवर नेऊन सुखरूप परत आणो.

तुमच्या घरी नवी गाडी आली असेल, तर आज दिवेलागणीनंतर एवढेच करा: पुस्तिका काढा, तेलाचे पान उघडा आणि त्या तीन गोष्टी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.